सभेच्या कडेला

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या कामाला निघावं आणि वळणावर रस्ताच बंद! समोर बांबूंचे अडसर, झेंडे, माणसंच माणसं. तुम्ही त्या पक्षाचे नसता, कदाचित कुठल्याच नसता. पण मागेही गर्दी साचलेली असते. झालात तुम्ही सभेचे श्रोते.

परवा मी असाच अडकलो. सभा दिसण्याआधीच कानावर आली होती, आणि प्रत्येक शब्द दोनदा येत होता. त्यात वक्त्याचा दोष नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जवळच्या कर्ण्यातला शब्द लगेच पोचतो, शंभर मीटर लांबच्या कर्ण्यातला तोच शब्द पाव सेकंदाहूनही उशिरा. कडेला उभ्या माणसाला आश्वासनंसुद्धा दुप्पट मिळतात!

कर्णे नव्हते तेव्हाची एक गंमत सांगतो. १७३९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जॉर्ज व्हाइटफील्ड हे धर्मोपदेशक उघड्यावर बोलत होते. सभा राजकीय नव्हती, पण गर्दीत पुढे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक ठरलेले बेंजामिन फ्रँकलिन होते. ते भाषण ऐकता ऐकता मागे मागे सरकत गेले, आवाज कुठवर पोचतो ते पाहायला. तेवढ्या अंतराचं अर्धवर्तुळ कल्पिलं, माणशी २ चौरस फूट धरले, आणि हिशेब आला तीस हजारांच्या वर. वर्तमानपत्रांतला पंचवीस हजारांचा आकडा मग त्यांना पटला.

पण २ चौरस फूट म्हणजे अगदी खेटून. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी खिडकीखालच्या चौकातल्या फरशीच्या चौकटींवरून निदर्शकांची गर्दी मोजली. त्यांचं माप असं: विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, खच्चून भरली तर अडीच. म्हणजे मैदान तेच, माणसं तीच. आयोजकानं अडीच धरले आणि विरोधकानं दहा, की आकड्यात चौपट फरक. दोघंही शपथेवर सांगतील!

आणि चौकटीला काय कळतं, कोण घोषणा द्यायला आलाय आणि कोण दवाखान्याची वेळ चुकली म्हणून चरफडतोय?

दुसऱ्या दिवशी सभेचा फोटो छापून आला, ‘उसळलेला जनसागर’ म्हणून. त्यात उजव्या कोपऱ्यात एक जण पाठमोरा आहे, मान खाली घालून घड्याळ बघतोय. सदरा तर माझ्यासारखाच दिसतो.