तोफेच्या तोंडावरचं आवरण

श्रोतेहो, नमस्कार.

कोरियाच्या पश्चिमेला पाच बेटं आहेत, त्यांतली मोठी बेंग्न्योंग आणि योनप्योंग. बेटं कुणाची, हा वाद नाही. कोरियन युद्ध थांबवणाऱ्या २७ जुलै १९५३ च्या युद्धविराम करारानं ती संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीकडे, म्हणजे व्यवहारात दक्षिण कोरियाकडे ठेवली. भांडण आहे ते भोवतालच्या पाण्याचं. करारात जमिनीवरची रेघ ठरली, समुद्रातली राहून गेली. महिनाभरानं, ३० ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांचे सेनापती जनरल मार्क क्लार्क यांनी एकतर्फी उत्तर मर्यादा रेषा आखली. हेतू हा, की दक्षिणेच्या बोटींनी त्यापुढे जाऊ नये.

आता हिशेब बघा. उत्तर कोरिया किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर पाणी आपलं मानतो. योनप्योंग त्या किनाऱ्यापासून जेमतेम १२ किलोमीटरवर! १९९९ मध्ये उत्तरेनं बरीच दक्षिणेला स्वतःची रेघ जाहीर केली आणि पुढच्या वर्षी बेटांकडे जायला दोन चिंचोळ्या वाटा नेमून दिल्या. दक्षिणेनं हे कधीच मानलं नाही.

इथल्या चकमकींच्या तारखा बघा: १५ जून १९९९, २९ जून २००२. जून म्हणजे गाभोळी भरलेल्या खेकड्यांचा हंगाम. मासेमारी बोटी रेषेकडे सरकतात आणि त्यांच्या पाठोपाठ गस्तीनौका येतात. तेव्हा दक्षिणेच्या नौदलाचे पाच टप्पे होते: ध्वनिक्षेपकावरून इशारा, जवळ जाऊन धाक दाखवणं, आडवं येऊन ढकलणं, इशाऱ्याचा गोळीबार, आणि शेवटी नेम धरून मारा. घात झाला तो तिसऱ्या टप्प्यावर. आडवी आलेली नौका आपली अख्खी बाजू समोरच्या तोफेपुढे धरते. २००२ मध्ये तसंच झालं आणि दक्षिणेचे सहा नौसैनिक गेले. मग टप्पे तीन झाले. नौसैनिकांचा धोका कमी झाला खरा, पण पहिल्या इशाऱ्यापासून पहिल्या गोळीपर्यंतची उसंतही आटली.

२३ नोव्हेंबर २०१० ला दक्षिणेनं सराव म्हणून समुद्रात गोळे टाकले. ते पाणी दक्षिणेच्या लेखी स्वतःचं, उत्तरेच्या लेखी उत्तरेचं. उत्तरेनं थेट योनप्योंगच्या वस्तीवर तोफा डागल्या. दोन सैनिक आणि दोन नागरिक ठार झाले.

शांततेचे उपाय फार साधे होते, आणि मला तेच मोलाचे वाटतात. २००४ मध्ये ठरलं, की समोरासमोर येताच व्यापारी जहाजांच्या रेडिओ लहरीवर हाक द्यायची. दक्षिणेचं नाव हल्लासान, उत्तरेचं पेक्तुसान, दोन्ही डोंगरांची नावं. रेडिओ चालला नाही तर बावटे आणि दिवे. १९ सप्टेंबर २०१८ च्या करारानं तोफांच्या तोंडांना आवरणं घालायला लावली, किनाऱ्यावरच्या तोफांचे दरवाजे बंद करायला लावले. सरावासाठी बेटांवरच्या तोफा बोटीत चढवून मुख्य भूमीवर नेल्या जात.

सामायिक मासेमारीचं पाणी मात्र कधीच ठरलं नाही. २००७ मध्ये तत्त्वतः होकार होता. पण दक्षिणेला ते रेषेच्या दोन्ही अंगांना सारखं हवं होतं, उत्तरेला सगळं रेषेच्या दक्षिणेला. बोलणी तिथंच अडली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरेनं २०१८ चा करार झुगारला. ५ जानेवारी २०२४ ला तिनं दोनशेच्या आसपास गोळे समुद्रात डागले आणि बेटांवरच्या लोकांना निवाऱ्यात उतरावं लागलं. जूनमध्ये दक्षिणेनंही करार पूर्ण स्थगित केला, आणि त्याच महिन्यात बेटांवरच्या तोफा पुन्हा बेटांवरूनच धडाडल्या, ऐन खेकड्यांच्या हंगामात.