पुळणीवरची वही

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘तापणारी वाळू आणि कासव मित्र’. त्यावर येतोच. पण आधी एका कासविणीची गोष्ट सांगू द्या, कारण तिच्याशिवाय माझा मुद्दा उभाच राहत नाही.

२०२१ साली ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या वल्ह्याला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, धातूची छोटी पट्टी बसवली. पट्टीवर आकडा होता ०३२३३. पट्टीत बॅटरी नाही की उपग्रहाशी बोलणारं यंत्र नाही. कुणीतरी जवळ जाऊन तो आकडा वाचेपर्यंत ती पट्टी मुकीच. चार वर्षं गेली. जानेवारी २०२५ मध्ये हीच मादी अंडी घालायला चढली ती आपल्या गुहागरच्या पुळणीवर. बंगालचा उपसागर, बहुधा श्रीलंकेचा वळसा, मग अरबी समुद्र: सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. तोवर पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असंच धरून चालण्याचा रिवाज होता. त्याच्या दोन वर्षं आधी गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती, तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली होती. ०३२३३ उलट्या बाजूने आली आणि दोन्ही किनारे जोडले गेले.

आता बागेश्रीच्या पाठीवरचं यंत्र महाग, त्याला भारतीय वन्यजीव संस्था लागते, परवानग्या लागतात. ०३२३३ ला काय लागलं? रात्रीच्या गस्तीवर जागा असलेला माणूस, लाल उजेडाची विजेरी, पेन आणि वही. कासवीण वाळूवर तास-दीड तास असते. तेवढ्यात आकडा पाहिला, नीट लिहिला, तर ती ओडिशाची. नाही लिहिला, तर ती नुसती एक कासवीण. हे मी पुनःपुन्हा सांगत राहणार आहे, कंटाळलात तरी चालेल: गावातल्या तरुणांच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार वही आहे.

ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करत वेळासला पोचले. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणविसांचं वेळास. तिथे अंडी चोरून नेलेली घरटी दिसली आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू झालं. २००६ पासून कासव महोत्सव, घरोघरी पाहुणे, जेवायला उकडीचे मोदक. पुढे वन विभाग आणि कांदळवन कक्ष यात उतरले. आज किनाऱ्यावर गावोगाव घरटी राखणारे कासव मित्र आहेत, त्यांतले कित्येक विशी-पंचविशीतले. पुढच्या बाकांवर त्यांतले काही बसलेत, म्हणून मी जपून बोलतोय. चुकलो तर तेच धरतील.

तर वहीत काय लिहायचं? पहाटेपासून सुरू करू. भरतीने माग पुसायच्या आत पुळण चालून झाली पाहिजे, म्हणून फेरीची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ठरते. माग दिसला की वर जाणारा कुठला आणि परतीचा कुठला ते आधी पाहा. अंडी न घालता फिरलेल्या मागाचीही नोंद करा. का फिरली, ते आजूबाजूला बघून लिहा: दिवा होता, कुत्री होती, की समोर वाळूचा उभा काठ होता. घरट्याची जागा विस्कटलेली दिसते, पण खड्डा नेमका कुठे ते कळत नाही. तिथे काठी टोचून बघण्याची खोड असते. जोराने खुपसलेल्या काठीने एक अंडं फुटलं की त्याला बुरशी धरते, मुंग्या येतात आणि शेजारची अंडीही जातात. हाताने वाळू सारा, जिथे भुसभुशीत लागते तिथे थांबा.

घरटं उधाणाच्या रेषेच्या वर असेल आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपता येत असेल, तर हात लावू नका. जाळीने झाका आणि सोडा. हलवणं हा नाइलाजाचा उपाय आहे. हलवायचं तर वन विभागाच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसासमोर. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, उत्साह हे काही कायद्यापुढे कारण होत नाही. हलवायचंच ठरलं तर शक्यतो दोन तासांत. घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटायला लागतो. मग अंडं उलटंपालटं झालं की पापुद्रा फाटतो आणि गर्भ मरतो. बाहेरून अंडं ठणठणीत दिसतं, पन्नास दिवसांनी कळतं. म्हणून अंडं ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने उचला, टोपलीत तळाला घरट्यातलीच ओली वाळू घाला, आणि टोपली मोटारसायकलवर ठेवू नका. चालत न्या.

उचलण्याआधी मापं घ्या. सर्वांत वरचं अंडं किती खोल, तळ किती खोल. बहुतेक घरट्यांचा तळ ४० ते ५० सेंटिमीटरवर असतो आणि अंडी शंभर-सव्वाशे. हॅचरीतला, म्हणजे हलवलेली अंडी उबवायला पुळणीवर राखलेल्या जागेतला, खड्डा तितकाच खोल, चंबूसारखा: तोंड अरुंद, पोट मोठं. वरची कोरडी वाळू आधी बाजूला काढा, नाहीतर कडा ढासळून खड्ड्याची बशी होते. दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर. बुजवताना ओली वाळू आधी, कोरडी वर, आणि पायाने दाबायची नाही, मधल्या पोकळ्यांतूनच अंडी श्वास घेतात. हॅचरीची जागा दरवर्षी बदला, जुन्या वाळूत कुजलेल्या अंड्यांचे जंतू आणि बुरशी असतात. पाटीवर आणि वहीत तारीख लिहायची ती अंडी घातल्याची. पुरल्याची तारीख लिहिण्याची चूक फार होते. ती का नडते ते पुढे सांगतो.

आता एक तक्रार. आज ती करणारच.

पाच जूनचा पर्यावरण दिन आला की कुठून तरी रोपांचा टेम्पो येतो आणि सुरूची रोपं पुळणीवर लागतात. मुलांच्या हातात रोपटं, फोटो, हवामान बदलाविरुद्ध आमचं एक पाऊल. भावना शंभर टक्के खरी आहे. जागा चुकली. आपल्या मनात पर्यावरण म्हणजे झाड इतकं घट्ट बसलंय की मोकळी वाळू दिसली की ती ओसाड वाटते. ती ओसाड नाही. कुर्ल्या-खेकड्यांपासून कासवांपर्यंत सगळ्यांचं ते घर आहे आणि त्याला मोकळंच राहायचं असतं. वाळू येते, जाते, पावसाळ्यात समुद्र नेतो, हिवाळ्यात परत आणून टाकतो. तिथे सुरूची दाट रांग उभी केली की मुळांचं जाळं वाळूला धरून बसतं आणि लाटा पुढून खात राहतात. उतार जाऊन उभा काठ तयार होतो. चाळीसेक किलोची कासवीण तो काठ चढू शकत नाही. खाली, भरतीच्या टप्प्यात अंडी घालते नाहीतर तशीच फिरते. वर पोचलीच तर सुरूच्या काड्यांचा थर आणि खाली मुळं. खणताना वल्ही मुळांना अडकतात, आणि ज्या घरट्यात मुळं शिरतात तिथे पिल्लं गुंतून मरतात.

कुणी म्हणेल, सावली होते ना? वाळू थंड राहते. खरं आहे, आणि आजच्या विषयात सावलीला महत्त्व आहेच. पण सावली हवी असेल तर ती काढता-घालता येणारी हवी, मुळं असलेली नको. आणि वाळू धरून ठेवायला आपल्याकडे मर्यादवेल आहेच की! नावच बघा. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती पसरते, वाळूचे उंचवटे धरते आणि कासविणीची वाट अडवत नाही. कुणा जुन्या माणसाने किनारा निरखून ठेवलेलं नाव आहे ते. मर्यादवेलीवरून जीप घालायची आणि मागे सुरू लावायचा, हे थांबवायला निधी लागत नाही. ग्रामसभेत दोन तरुण उठून उभे राहिले आणि रोपं माडांच्या मागे, वाडीच्या कडेला, शाळेच्या आवारात लावू म्हणाले तरी पुरे. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषयही इथेच येतो. दगडांची भिंत घातली की पुढची पुळण खचत जाते... पण तो तासभराचा विषय आहे, आणि संयोजकांनी आत्ताच चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं उरली आहेत. बरं.

मूळ विषय, झपाट्याने.

कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूची उष्णता ठरवते. साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास नर-मादी जवळपास सारखे. त्याखाली नर वाढतात, त्यावर माद्या. सतत ३३-३४ च्या वर गेलं तर पिल्लं अंड्यातच मरू लागतात. वाळू तापत गेली तर आधी नर कमी होतील, पुढे अंडीच उबणार नाहीत. निर्णय होतो तो उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात. ५४ दिवसांची उबवण धरली तर साधारण १८ ते ३६ वा दिवस. म्हणून ती अंडी घातल्याची तारीख! ती चुकली की कुठल्या दिवसांचं तापमान बघायचं तेच कळत नाही. आपला हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर ते मार्च. जानेवारीतल्या घरट्याचे हे दिवस थंडीत येतात, मार्चमधल्याचे ऐन एप्रिलच्या तलखीत. आपल्या पुळणीवर नर कुठल्या महिन्याच्या घरट्यांतून येतात हे जिथे नोंदी आहेत तिथेच सांगता येईल.

मोजायचं कसं? अंड्यांमध्ये काही खुपसू नका. हॅचरीत एक मोकळा खड्डा करा, ४५ सेंटिमीटर खोल, अंडी नसलेला, आणि त्यात वायरीच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल तापमापक पुरून ठेवा. वाचनाचा डबा वर. काचेची तापमापी खाली घालून वर काढली की हवेत येईतो आकडा बदलतो, त्या नोंदी फुकट जातात. दुसरा खड्डा तेवढाच खोल, पण सावलीत. इतक्या खोलवर दिवस-रात्रीचा फरक फार थोडा पोचतो, त्यामुळे तासातासाला धावायची गरज नाही. रोज एकाच वेळी एक वाचन पुरतं, दोन घेतलीत तर उत्तम. हंगामाच्या सुरुवातीला सगळे तापमापक एकाच बादलीतल्या पाण्यात ठेवून आकडे जुळतात का पाहा. अर्ध्या अंशाचा फरक निघतोच, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. इथे अर्ध्या अंशाने नराची मादी होते. चुकलेला दिवस कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. शेवटच्या पंधरवड्यात शंभर पिल्लांची स्वतःची ऊब मोकळ्या खड्ड्यात दिसणार नाही, घरटं त्याहून एक-दोन अंशांनी किंवा जास्तही गरम असेल, ते धरून चला.

मग कृती. हिरवी शेडनेट, निम्मं ऊन अडवणारी, माणसाच्या उंचीवर, चारी बाजू उघड्या. खाली टेकवलीत तर वारा अडतो आणि ऊब वाढते. पूर्ण हॅचरी झाकू नका, अर्धी झाका. सगळ्या पिल्लांना आपण आपल्या अंदाजाने एकाच बाजूला ढकलणं धोक्याचं आहे. अर्धी-अर्धी ठेवली तर तुलनाही होते. पाणी मारायचा मोह टाळा. मारायचंच तर गोडं पाणी, संध्याकाळी, हलका शिडकावा. भिजलेल्या वाळूत हवा शिरत नाही आणि बुरशी येते. आणि खड्डा उथळ झाला तर अंडी जास्त तापतात, म्हणून मघाची ती मापं.

पिल्लं निघू लागली की घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या दर तासा-दोन तासांनी बघा आणि लगेच सोडा. पाहुणे सकाळी येणार म्हणून रात्रीची पिल्लं बादलीत ठेवू नका. पहिल्या काही तासांत पोहण्याची जी ऊर्मी असते ती बादलीच्या भिंतींवर खर्च होते. पाहुण्यांना हे सांगितलं तर ते रागावत नाहीत, पहाटे चारला उठून येतात.

शेवटचं पिल्लू गेल्यावर दोनेक दिवसांनी घरटं उघडा आणि मोजा. रिकामी कवचं किती, न उबलेली किती, अर्धवट वाढलेली किती, पूर्ण वाढून मेलेली किती. सुरुवातीलाच मेलेली जास्त निघाली तर आधी हाताळणीकडे बघा: उशीर झाला, अंडी फिरली. पूर्ण वाढून मेलेली निघाली तर उष्णता किंवा शिरलेलं पाणी. हे चार आकडे आणि शेजारी तापमानाची ओळ, एवढ्यावर पुढच्या वर्षी शेडनेट कधी ताणायची ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तेव्हा वही पुठ्ठ्याची घ्या, पेन न पसरणाऱ्या शाईचं, आणि दर रविवारी पानांचे फोटो काढून दुसऱ्या कुणाकडे पाठवा. घरटी सांभाळणारा मुलगा नोकरीला मुंबईला गेला की वहीही त्याच्या ट्रंकेत जाते, असं होता कामा नये.

प्रश्नांना वेळ नाही म्हणतायत, म्हणून नेहमी विचारला जाणारा एक आधीच सांगून टाकतो: सुरुवात कधी करायची? पहिल्या घरट्याची वाट बघू नका. मोकळ्या खड्ड्यातला तापमापक नोव्हेंबरच्या आरंभीच पुरा. उपसलेली वाळू आजूबाजूच्या वाळूशी जुळायला काही दिवस घेते, तोवरची वाचनं वेगळ्या रंगाने लिहा. आणि ज्या दिवशी पहिली कासवीण येईल, त्या दिवशीचा आकडा आधीपासून वहीत असला पाहिजे.