वस्त्रं राखणारा तरुण

जमिनीवर कपड्यांचा ढीग पडलाय. दगड मारायला हात मोकळे हवेत, म्हणून माणसांनी अंगावरची वस्त्रं उतरवून ठेवलीत. ढिगापाशी एक तरुण राखणीला उभा आहे. त्याचं नाव शौल.

यरुशलेमच्या वेशीबाहेर येशूचा अनुयायी स्तेफन याच्यावर दगडांचा वर्षाव चाललाय. शौलाने स्वतः दगड उचलला, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. पण हा खून त्याला मान्य होता, हे स्पष्ट लिहिलंय. स्तेफन गुडघे टेकतो आणि मोठ्याने प्रार्थना करतो : प्रभू, हे पाप यांच्या माथी मारू नकोस. ‘यांच्या’ म्हणताना त्यात तो कपडे राखणाराही आलाच.

पुढे शौल घरोघरी शिरतो, येशूला मानणाऱ्या बायकापुरुषांना फरफटत नेऊन तुरुंगात टाकतो. मग दिमिष्काची, म्हणजे दमास्कसची वाट. आकाशातून लख्ख प्रकाश, येशूची वाणी, आणि डोळ्यांपुढे अंधार. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. ‘नीट’ नावाच्या रस्त्यावरच्या एका घरात तो बसून आहे. दमास्कसच्या जुन्या शहरातून पूर्व-पश्चिम जाणारा तो रस्ता आजही दाखवला जातो.

त्या घरी जायला हनन्या, दमास्कसमधला येशूचा एक शिष्य, आधी तयार नसतो. आणि का असावा? हा माणूस आपल्याच लोकांना बांधून न्यायला आलाय, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी तो जातो. आंधळ्या शौलावर हात ठेवतो आणि पहिला शब्द उच्चारतो : “शौल, भाऊ.”

शौलाने अजून माफी मागितलेली नाही. त्याचा बाप्तिस्माही व्हायचाय. तरी ‘भाऊ’ म्हणून झालंसुद्धा. कृपा म्हणजे काय, हे मला इथे जितकं कळतं, तितकं कुठल्याही व्याख्येतून कळत नाही.

शौलाचा पौल झाला. इसवी सन ५७च्या सुमारास, बहुधा करिंथात, तो रोमच्या विश्वासणाऱ्यांना पत्र सांगत होता आणि तर्तिय ते लिहून घेत होता. पाचव्या अध्यायात तो म्हणतो, पाप वाढलं. आणि जिथे ते वाढलं तिथे कृपा... इथे त्याला नेहमीचा शब्द पुरत नाही. ‘भरून वाहणं’ या अर्थाचं ग्रीक क्रियापद तो घेतो आणि त्याच्या आधी ‘हुपेर’ हा उपसर्ग लावतो. हुपेर म्हणजे वर, पलीकडे. भरून वाहिली, आणि त्याच्याही वर वाहिली.

इथे पापाला तो किरकोळ ठरवत नाही. पापामुळे मरण जगात आलं, हे त्याने नुकतंच सांगितलंय. तराजूच्या दोन पारड्यांत समान वजनं टाकण्याचाही हा प्रकार नव्हे. पाप मोजता येतं, त्याची यादी होते. पौलाची स्वतःची यादी तर नावानिशी झाली असती. कृपेला मात्र तळ सापडत नाही, कारण ती वधस्तंभावर स्वतःला देऊन टाकणाऱ्या ख्रिस्तातून येते.

मग पाप करतच राहावं का, म्हणजे कृपा आणखी वाढेल? हा प्रश्न पौल स्वतःच विचारतो आणि लगेच उत्तर देतो : कधीच नाही! जे पापाला मेले, त्यांनी त्यातच कसं जगायचं?

तीमथ्य या आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक वाक्य आहे : ख्रिस्त पाप्यांना तारायला आला, आणि त्यांच्यात मी पहिला आहे. ‘होतो’ नव्हे, ‘आहे’. मूळ ग्रीकमध्येही क्रियापद वर्तमानकाळीच आहे.

आणि पुन्हा यरुशलेम. मधे बरीच वर्षं गेलीत. खवळलेल्या जमावातून पौलाला सैनिकांनी ओढून काढलंय. गढीच्या पायऱ्यांवर उभा राहून तो हाताने खुणावतो. गर्दी शांत होते. तो आपली कहाणी सांगतो, आणि कुणी विचारलेलं नसताना तेही सांगतो : स्तेफनाचं रक्त सांडलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्याला मारणाऱ्यांची वस्त्रं मी राखत होतो.