पंधरा दिवसांचा संघ

(दृश्य : सकाळ. ओलं मैदान, फक्कीचं घमेलं.)

रात्री पाऊस पडून गेला. काल मारलेल्या रेषा वाहून गेल्या, म्हणून आज पुन्हा फक्की. घमेलं घेऊन वाकलेला हा मुलगा कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. रेषा दुसऱ्यानं मारली की पेनल्टी बॉक्स वाकडा होतो, अशी त्याची तक्रार आहे. चिमटीतून पांढरी धार सुटते, चार पावलं सरळ जाते आणि डबक्यापाशी थांबते. तो डबक्यावर भुसा टाकतो. मग पुढं.

हे कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तालमींची, पण इथं ती उच्चारली की फुटबॉलच आठवतो. तालमींचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळाभर चालतो. शाहू स्टेडियमवर आधी लीग, मग एकामागून एक स्पर्धा. गॅलरीत बसायला जागा नसते.

कॉलेजचा हंगाम पावसाच्या शेपटाला. आधी झोनल, म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांशी, जिंकलात तर विभागाविभागांतली इंटरझोनल. बाद पद्धत, एक सामना हरला की वर्ष संपलं. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे त्याच्याकडं. तीन जिल्ह्यांत कॉलेजांची साधी लीग का होऊ नये, हे आम्ही बऱ्याच जणांना विचारलं. सगळे हसले.

(दृश्य : जिमखाना. टेबलावर कागद.)

संघ मैदानाआधी टेबलावर तयार होतो. पात्रता फॉर्म, बारावीचं गुणपत्रक, फोटो, प्राचार्यांची सही. एक कागद कमी पडला तर खेळाडू बाहेर. या स्ट्रायकरचं गुणपत्रक गावाकडं, आईच्या ट्रंकेत. मामानं फोटो पाठवला, त्यात अर्धं नाव मामाच्या अंगठ्याखाली गेलं. पुन्हा फोन. पुन्हा फोटो. तोवर सर जर्सी मोजतायत. सोळा. गेल्या वर्षीच्याच. सात नंबरचं पोट उसवलंय, अकराचा एक आकडा गळालाय, त्यामुळं सध्या संघात दोन जण एक नंबरचे आहेत. सर खिशातून काळी चिकटपट्टी काढतात, दातानं तोडतात, पाठीवर उभी चिकटवतात. झाला अकरा.

सर म्हणतात, “पोरगं तालमीचं हाय. मला सप्टेंबरात उसनं मिळतं.”

खरंच आहे. हे दोघं बघा, बचावातला स्टॉपर आणि स्ट्रायकर. एप्रिलमध्ये दोन वेगळ्या तालमींकडून खेळताना एकानं दुसऱ्याला असा पाडला होता की पंचांना मध्ये पडावं लागलं. आज एकाच बाटलीतलं पाणी पितात. स्ट्रायकरच्या डाव्या नडगीवर त्याची खूण अजून आहे. स्टॉपर ती कॅमेऱ्याला स्वतः दाखवतो, वर म्हणतो, “ही माझी.”

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण तो शाळेत असतानाच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. इथल्या कॉलेजांपर्यंत तो यायचा प्रश्नच आला नाही.

(दृश्य : सामना. चिखल.)

पहिला सामना. चेंडू उसळत नाही, रुततो. विसाव्या मिनिटापर्यंत दोन्ही संघांचा रंग एक झालाय, पास द्यायचा तर आवाजावर. “भावा, सोड! सोड की!” पेनल्टी बॉक्सच्या त्या रेषेवर, भुसा टाकला होता तिथंच, चेंडू थांबला. सगळे घसरून पुढं गेले. एकटा स्ट्रायकर मागं राहिला होता.

गॅलरीत आम्ही, सर आणि पावसाला आडोसा शोधत आलेले चौघं.

दुसरा सामना जिंकला. तिसरा टायब्रेकरवर गेला.

(दृश्य : जिमखान्यामागची तार. वाळत घातलेल्या जर्सी.)

स्ट्रायकरला तालमीनं सरावाला बोलावलंय. गोलकीपर औद्योगिक वसाहतीत कामाला लागला, कॉलेज सुटलं. बाकीच्यांचा सोमवारी पहिला पेपर.

सर तारेपाशी उभे राहून मोजतायत. पंधरा.

अकरा नंबर आलेला नाही.