लेखकाची तब्येत हाच पुरावा?

(आरोग्यविषयक लेखन करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

लोकप्रिय आरोग्यलेखकाची कारकीर्द बहुधा एकाच वाटेनं सुरू होते. माणूस आजारी पडतो, काहीतरी करतो, बरा होतो आणि पुस्तक लिहायला बसतो. पुस्तक खपतं, कारण त्यातला मुद्दा चालता-बोलता समोर उभा असतो. 'माझ्याकडे बघा' याहून सोपा पुरावा कुठला? आज मी या पुराव्याबद्दलच बोलणार आहे. लेखकाचं नाव होतं ते त्याच्यामुळे, आणि बहुतेकदा लेखक अडकतो तोही त्याच्यातच.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल असा माणूस म्हणजे इटलीतल्या पादुआचा लुइजी कोर्नारो. ऐन चाळिशीत खाण्यापिण्याच्या अतिरेकानं तब्येत पार ढासळली, वैद्यांनी मिताहार सांगितला. मग दिवसाला 12 औंस अन्न आणि 14 औंस वाइन असा नेम त्यानं धरला. (हो, अन्नापेक्षा वाइन जास्त!) 1558 मध्ये त्यानं या नेमावर निबंध छापला, पुढे आणखी लिहिले आणि प्रत्येक वेळी आपलं वाढतं वय अभिमानानं सांगितलं. 1566 मध्ये तो वारला तेव्हा शंभरीला पोचला होता अशी ख्याती झाली. मात्र अभ्यासकांनी कागदपत्रं पाहिल्यावर त्यानं वय बरंच फुगवल्याचं दिसलं; जन्म 1484 च्या सुमारास धरला तर तो ऐंशीच्या थोडा पुढे गेला होता. त्या काळात हेही काही कमी नव्हतं. पण ऐंशीपेक्षा शंभर जास्त खपतात.

कोर्नारोवर सर्वांत नेमकं बोट ठेवलं ते तीनेक शतकांनी जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिख नीत्शेनं. तो म्हणाला, या गृहस्थानं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली. कमी खाल्ल्यामुळे तो दीर्घायुषी झाला नाही. त्याच्या शरीराचा खर्चच इतका कमी होता की जास्त खाल्लं की तो आजारी पडे. नीत्शेचं शरीरशास्त्र बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण शंका शंभर टक्के रास्त आहे आणि आजही प्रत्येक 'मी असं केलं म्हणून बरा झालो' या वाक्याला ती विचारावी लागते.

विसाव्या शतकात हा पुरावा छापखान्यातून आणि पुढे टीव्हीवरून घरोघर गेला. वजनामुळे विमा नाकारला गेलेला अमेरिकन व्यापारी होरेस फ्लेचर प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावा असं सांगत जगभर फिरला आणि 69 व्या वर्षी गेला. 'प्रिव्हेन्शन' हे आरोग्यविषयक मासिक 1950 मध्ये सुरू करणारे जेरोम रोडेल आपण शंभरी गाठू असं सांगत. 1971 मध्ये एका टीव्ही मुलाखतीच्या चित्रीकरणात खुर्चीत बसल्याबसल्याच त्यांचं निधन झालं. वय 72. तो भाग कधी दाखवला गेला नाही.

अमेरिकन लेखक जिम फिक्सबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. पस्तिशीला त्याचं वजन बेसुमार होतं, सिगारेटी भरपूर. तो धावायला लागला, वजन उतरलं, सिगारेट सुटली. 1977 मध्ये आलेल्या धावण्यावरच्या त्याच्या पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. मुखपृष्ठावर त्याचेच पिळदार पाय. जुलै 1984 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, धावतानाच हृदय बंद पडून तो गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणावर तुंबलेल्या आढळल्या. मग टीकाकारांना ऊत आला: बघा, धावण्यानं माणूस मेला! मला या टीकेची जास्त चीड येते. फिक्सच्या वडिलांना पस्तिशीत हृदयविकाराचा झटका आला होता आणि ते 43 व्या वर्षी वारले होते. धावला नसता तर फिक्स आणखी आधी गेला असता का? कदाचित. सांगता येत नाही, कारण न धावणारा दुसरा फिक्स तुलनेला उपलब्धच नाही. तो जिवंत असताना त्याचे पाय हा पुरावा नव्हता, तसा त्याचा मृत्यूही नव्हता. एकाच माणसाकडे बघून टाळ्या वाजवणारे आणि त्याच माणसाकडे बघून बोटं मोडणारे, दोघं एकच चूक करतात.

शरीर पुरावा म्हणून चालतं हे कळल्यावर आजारही बनवता येतो. ऑस्ट्रेलियाच्या बेल गिब्सननं मेंदूचा कर्करोग आपण आहार आणि जीवनशैली बदलून आटोक्यात ठेवल्याचं सांगितलं. ॲप निघालं, पुस्तक निघालं. 2015 मध्ये तिनंच कबूल केलं की कर्करोग नव्हताच. 2017 मध्ये न्यायालयानं 4,10,000 ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. माझ्या मते यातली खरी बातमी अशी की पुस्तक छापेपर्यंत कुणी एक साधा वैद्यकीय कागद मागितला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरांनी लिहावं, प्रश्न मिटला. नाही मिटत. बेंजामिन स्पॉक हे उत्तम बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या 1946 च्या बालसंगोपनाच्या पुस्तकानं घाबरलेल्या आयांना धीर दिला, कोट्यवधी प्रती गेल्या. यात 'माझ्याकडे बघा' काही नव्हतं, होता तो तर्क. 1950 च्या दशकातल्या आवृत्तीत त्यांनी बाळाला पालथं झोपवावं असं सुचवलं: उताणं असताना उलटी झाली तर ती घशात अडकेल. ऐकायला किती पटतं! पण बाळांच्या अचानक मृत्यूचा धोका पालथं झोपवण्यात जास्त असतो, हे सांगणारी आकडेवारी 1970 पर्यंत जमली होती. ती कुणी एकत्र करून पाहिली नाही. उताणं झोपवण्याच्या मोहिमा 1990 च्या दशकात निघाल्या आणि अमेरिकेत हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 2005 मध्ये झालेल्या एका आढाव्यात अंदाज मांडला होता की 1970 लाच पुरावा नीट पाहिला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांवर आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती. हा दोष एकट्या स्पॉकचा नाही, असंख्य डॉक्टर तेच सांगत होते. पण खपाच्या पुस्तकातलं एक चुकीचं वाक्य किती पाळण्यांपर्यंत पोचतं याचा अंदाज प्रत्येक लेखकानं घ्यावा.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे. या धंद्याची मूळ अडचण अशी की पक्का सल्ला एका पानात संपतो. तंबाखू नको, हालचाल हवी, झोप हवी, लसी घ्या, दारू जितकी कमी तितकं बरं, रक्तदाब मोजा. आणि तुम्हाला दर आठवड्याला सदर लिहायचंय, दोन वर्षांनी दुसरं पुस्तक द्यायचंय. नवं काहीतरी हवं असतं, आणि विद्यापीठांची प्रसिद्धिपत्रकं ते पुरवायला तयारच असतात. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मधली ब्रिटिश विद्यापीठांची 462 प्रसिद्धिपत्रकं तपासली. 40 टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा ठाम सल्ला होता. 36 टक्क्यांत प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना वाजवीपेक्षा जास्त लावले होते. पत्रक फुगलेलं असलं की बातमीही बहुधा फुगते. म्हणून पत्रकावरून लिहू नका, निबंध उघडा. तेवढा वेळ नसेल तर त्या आठवड्यात दुसरा विषय घ्या.

आकड्यांचंही तसंच. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं. रोज 50 ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो असं सांगितलं. मथळे भडकले. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. आणि जिथे शंभरातल्या पाचांना आयुष्यभरात हा आजार होतो, तिथे 18 टक्के वाढ म्हणजे पाचाचे साधारण सहा. दोन्ही वाक्यं खरी आहेत. वाचकाला दुसरंही द्या; मग मथळा थंड पडला तरी चालेल.

शेवटी दोन प्रश्न आले आहेत. पहिला: स्वतःचा अनुभव लिहायचाच नाही का? जरूर लिहा. आजारपणात रात्र कशी जाते, औषधाचा कंटाळा कसा येतो, घरचे कसे वागतात, हे कुठल्याही चाचणीत सापडत नाही. फक्त त्याच उपायानं ज्यांना गुण आला नाही त्यांचीही गाठ घ्या. ती माणसं पुस्तकं लिहीत नाहीत, म्हणून ती शोधावी लागतात.

दुसरा: लेखकानं स्वतःच्या नावाची पूरकं, चूर्णं, कार्यक्रम विकावेत का? कायद्यानं मुभा असेल. पण पुरावा बदलला तर लेखकाला पुढच्या आवृत्तीत परिच्छेद बदलता येतो. गोदामात माल पडलेल्याला तो बदलवत नाही. तरीही विकायचंच असेल, तर लेखाच्या पहिल्या ओळीत तसं लिहा, तळटीपेत नको.