मिसेस लँडिंगहॅमचे आकडे

(दृश्य : वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रल. लांबलचक दालन, रंगीत काचांचा उजेड खांबांवर.)

इंडियाना राज्यातल्या चुनखडीचे हे खांब. उन्हं तिरपी झाली की वरच्या काचांमधून निळा, लाल, जांभळा रंग त्यांच्यावर उतरतो आणि नकळत पुढे सरकत राहतो. १९०७ साली इथे पायाचा दगड बसला. शेवटचा दगड चढायला १९९० उजाडलं. आयझेनहॉवर, रेगन, फोर्ड या राष्ट्राध्यक्षांना देशाने अखेरचा निरोप दिला, तो याच छताखाली.

मे २००१ मध्ये अमेरिकेतल्या घराघरांत लोकांनी याच दालनात एक शवपेटी पाहिली. ती एका सेक्रेटरीची होती.

व्हाइट हाउसमधला काल्पनिक राष्ट्राध्यक्ष आणि त्याचे कर्मचारी यांची गोष्ट सांगणाऱ्या, एनबीसी वाहिनीवरच्या 'द वेस्ट विंग' या मालिकेचा दुसरा सीझन १६ मे २००१ रोजी संपला. शेवटच्या भागाचं नाव 'टू कॅथेड्रल्स'. लेखन अॅरन सॉर्किनचं, दिग्दर्शन थॉमस श्लॅमीचं. या भागाचा विषय निघाला की लोक राष्ट्राध्यक्ष बार्टलेटबद्दल बोलतात, तो साकारणाऱ्या मार्टिन शीनच्या कामाबद्दल बोलतात. बोलायलाच हवं. पण गोष्ट जिच्यामुळे घडते ती बाई शवपेटीत आहे, आणि आपण तिच्यापासून सुरुवात करणार आहोत.

(दृश्य : ओव्हल ऑफिसच्या दाराबाहेरचं टेबल. त्यावर बिस्किटांची बरणी.)

मिसेस डोलोरेस लँडिंगहॅम. राष्ट्राध्यक्षांच्या दाराबाहेर बसणाऱ्या. बरणीतलं बिस्कीट कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे त्या ठरवत. त्यांचे जुळे मुलगे व्हिएतनाममध्ये मारले गेले, १९७० साली, नाताळच्या आदल्या दिवशी. पहिल्या सीझनमधल्या नाताळच्या भागात त्या हे सांगतात. आवाज न चढवता सांगतात आणि पुन्हा कामाला लागतात.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्यांनी आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली. राष्ट्राध्यक्षाने चिडवलं, घासाघीस केली की नाही? नाही केली. छापील किंमत पूर्ण मोजली, कारण सरकारी नोकराने सवलत घेणं नियमात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही गाडी घेऊन त्या व्हाइट हाउसकडे परत येत होत्या. दारू प्यायलेल्या एका माणसाने त्यांच्या गाडीला धडक दिली.

ही भूमिका करणाऱ्या कॅथरीन जूस्टन आधी मनोरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. अभिनयाकडे वळल्या तेव्हा बेचाळिशीत होत्या. दुसऱ्यांची कामं वेळेवर करून देण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचं चालणं-बोलणं जूस्टनना शिकावं लागलं नसणार, असं पडद्यावर बघताना सारखं वाटतं.

(दृश्य : मुलांची शाळा. दगडी इमारती, हिरवळ. तरुण जेड आणि तरुण मिसेस लँडिंगहॅम चालत येतात.)

आता भाग मागे जातो. न्यू इंग्लंडमधली मुलांची खासगी शाळा. पुढे राष्ट्राध्यक्ष होणारा जेड बार्टलेट इथे विद्यार्थी, त्याचे वडील मुख्याध्यापक, आणि मिसेस लँडिंगहॅम त्या मुख्याध्यापकांच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या.

त्या या मुलाला गाठतात. शाळेतल्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळतो, हे वडिलांच्या कानावर घाल म्हणतात. जेड हुशार आहे. तो म्हणतो, आकडे दाखवा. आणि आकडे त्यांच्याकडे आहेत. त्या तिथल्या तिथे चालता चालता सांगतात : अमुक शिक्षक, तमुक शिक्षिका, काम सारखंच, पगारात एवढा फरक. त्यांनी हे घरी बसून जुळवलेलं आहे, ते ऐकताना कळतं.

त्या काळातल्या अमेरिकेत बाईच्या पदरात किती पडत होतं? १९६३ साली पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे बाईला साधारण ५९ सेंट. त्याच वर्षी १० जूनला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी समान वेतनाच्या कायद्यावर सही केली. पण त्या कायद्यातून व्यवस्थापकीय आणि व्यावसायिक पदं वगळलेली होती, आणि शिक्षकीपेशा त्यातच मोडायचा. ती पदं कायद्याखाली यायला १९७२ उजाडावं लागलं. म्हणजे मिसेस लँडिंगहॅम ज्यांची नावं घेत होत्या, त्या शिक्षिकांना पुढची कित्येक वर्षं कोर्टाची पायरी चढायलाही आधार नव्हता. त्यांच्यासाठी बोलू शकेल असा एकच माणूस त्यांना दिसत होता, मुख्याध्यापकांचा मुलगा.

त्या त्याला सुनावतात. आमचं चुकतंय असं तुला वाटत असेल तर मान्य आहे. पण आमचं बरोबर आहे हे पटूनही तू केवळ त्रास नको म्हणून गप्प बसणार असशील, तर मला तुझी ओळखही नको.

मुलगा खिशात हात घालतो, दुसरीकडे बघतो आणि हसतो. मिसेस लँडिंगहॅम बघतात आणि ओळखतात : हा बोलणार.

वडिलांच्या खोलीत मात्र थोबाडीत बसते आणि पगाराचा विषय ओठातच राहतो. (या वडिलांचं काम लॉरेन्स ओ'डॉनेल यांनी केलं आहे. ते मालिकेच्या लेखकांपैकी एक. त्याआधी अमेरिकी सिनेटच्या अर्थविषयक समितीत वरिष्ठ पदावर होते.)

(दृश्य : रिकामं कॅथेड्रल. बार्टलेट एकटा, वेदीकडे चालत.)

अंत्यविधी उरकला. बार्टलेट सगळ्यांना बाहेर जायला सांगतो, दारं लावून घ्यायला लावतो.

माणूस कॅथलिक आहे, एकेकाळी पाद्री व्हायचं मनात होतं. हे चर्च एपिस्कोपल पंथाचं. तो वेदीच्या दिशेने चालत जातो आणि देवाला जाब विचारतो. आधी इंग्रजीत, मग लॅटिनमध्ये. त्याच्या पिढीच्या कॅथलिक मुलाने लहानपणी मिसा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, लॅटिनमध्येच ऐकलेली असणार. वाहिनीने या ओळींना खाली भाषांतर दिलं नाही. राग कळतो, तेवढं पुरतं. तो सिगारेट पेटवतो, एक झुरका घेतो, फरशीवर टाकतो आणि बुटाने चिरडतो.

(दृश्य : दालनाच्या दक्षिणेकडचा कोनाडा. दगडी शवपेटी, वर तलवार आणि क्रूस.)

त्याच दालनात, बाजूच्या एका कोनाड्यात, वुड्रो विल्सन यांची कबर आहे. वॉशिंग्टन शहरात दफन झालेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष. ऑक्टोबर १९१९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची खरी अवस्था देशापासून लपवली गेली, आणि त्यांच्यापर्यंत काय पोहोचवायचं ते पत्नी एडिथ ठरवत राहिल्या.

बार्टलेटनेही आजार लपवलेला आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस, मज्जासंस्थेचा आजार. निवडणूक लढवताना मतदारांना सांगितला नाही. मिसेस लँडिंगहॅमना तो सांगायचा होता, त्यासाठीच त्यांना परत बोलावलं होतं. भागात विल्सन यांची कबर दाखवलेली नाही. आम्ही कॅमेरा तिथे नेला, कारण बार्टलेट देवाशी भांडतो ते या दगडापासून काही पावलांवर.

(दृश्य : ओव्हल ऑफिस. बाहेर वादळ. दार वाऱ्याने धाडकन उघडतं.)

संध्याकाळ. पुन्हा निवडणूक लढवायची नाही, हे बार्टलेटच्या मनात जवळपास पक्कं झालंय. वाऱ्याने दार उघडतं आणि तो सवयीने हाक मारतो : मिसेस लँडिंगहॅम!

आणि त्या येतात. श्लॅमीने इथे धूर नाही केला, प्रकाशाची करामत नाही केली. त्या रोजच्यासारख्या आत येतात, वादळात दार असंच उघडतं म्हणून सांगतात. बार्टलेट आजाराबद्दल बोलू लागतो तर त्या त्याला फार वेळ स्वतःची कीव करू देत नाहीत. त्या आकडे मागतात. मग तो देशाचे आकडे सांगतो, त्या पुढचं विचारतात, पुन्हा तो सांगतो. गरिबी, मुलं, तुरुंग. शाळेत जेड म्हणाला होता आकडे दाखवा. तीच परीक्षा आता त्या घेत आहेत. आणि शेवटी तेच वाक्य. लढायचं नसेल तर मान्य आहे. पण अवघड जाईल, हरशील, एवढ्यासाठी लढणार नसशील, तर मला तुझी ओळखही नको.

सॉर्किनने मुळात राष्ट्राध्यक्षाला अधूनमधून दिसणारं पात्र ठरवलं होतं, मालिका कर्मचाऱ्यांची असणार होती. माझ्या मते या प्रसंगात ती खऱ्या अर्थाने कर्मचाऱ्यांची होते.

(दृश्य : पावसात राष्ट्राध्यक्षांच्या गाड्यांचा ताफा. मागे कॅथेड्रल.)

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं सुरू होतं. ताफा परराष्ट्र खात्याकडे निघतो, पत्रकार परिषद तिथे आहे. वाटेत कॅथेड्रल लागतं. नकाशावर हे जुळत नाही. परराष्ट्र खातं व्हाइट हाउसच्या हाकेवर आहे आणि कॅथेड्रल पार दुसऱ्या दिशेला. तरीही श्लॅमीने गाड्या तिकडून नेल्या, आणि आत सफाई कामगाराला ते थोटूक उचलताना दाखवलं. राष्ट्राध्यक्ष रागावून निघून गेला, फरशी दुसऱ्या कुणीतरी साफ केली. एवढ्या गडबडीत दिग्दर्शकाला तो माणूस आठवला, याचं मला फार मोल वाटतं.

बार्टलेट भिजलेल्या कोटातच माइकसमोर उभा राहतो. पहिला प्रश्न आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकाराला द्यायचा, असं ठरलेलं असतं. तो दुसरीकडे बोट दाखवतो. प्रश्न येतो : पुन्हा लढणार का? बाजूला उभा असलेला त्याचा चीफ ऑफ स्टाफ लिओ शेजाऱ्याला म्हणतो, आता बघ. बार्टलेट खिशात हात घालतो, दुसरीकडे बघतो, हसतो. भाग तिथे थांबतो. उत्तर ऐकायला येत नाही.

पुढच्या सीझनमध्ये चौकशी झाली, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच्यावर ठपका ठेवला, तो त्याने स्वीकारला, आणि त्याच्या पुढच्या, चौथ्या सीझनमध्ये निवडणूक तो जिंकला.

दाराबाहेरची ती खुर्ची बरेच दिवस रिकामी होती. मग तिथे डेबी फिडरर आली. लिली टॉमलिनने केलेली ही बाईसुद्धा राष्ट्राध्यक्षाला तोंडावर उत्तर देणारी निघाली.