बताता म्हणजे रताळं

(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात पीयूच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मुलांनो, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या काका-काकूंनो,

मी सेकंड पीयूला असताना स्पॅनिश शिकायला घेतलं. कॉलेजात तो विषय नव्हता, म्हणून मोबाइलवरच. आई म्हणाली, "आधी फिजिक्सचं बघ." तिचंही बरोबर होतं. शिकवणाऱ्या बाई आर्जेन्टिनाच्या. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की त्यांच्याकडे सकाळचे दहा. पावसाळ्यात रेंज जायची, मग मी माळ्यावर कौलाखाली बसायचे.

एकदा बाईंनी विचारलं, आज काय जेवलीस? बटाट्याला काय म्हणतात ते आठवेना. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला एवढं माहीत होतं, म्हणून ठोकून दिलं, "कोमी बताता." बाई खूश! म्हणाल्या, आमच्याकडे त्याची गोड वडी करतात, चीजबरोबर खातात. मी म्हटलं, छे, आम्ही मोहरी घालतो, हिरवी मिरची घालतो. बाई बघतच राहिल्या. त्यांच्याकडे बटाटा म्हणजे 'पापा', आणि 'बताता' म्हणजे रताळं! पोर्तुगीजांनी तोच शब्द बटाट्याला लावला आणि तो आपल्या घरात आला. उपवासाच्या दिवसांत बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्याच्या पोत्यांची थप्पी दिसली की मला अजून हसू येतं.

आता मुद्द्याचं. बहुतेक अ‍ॅप स्पॅनिश शिकवतात ते इंग्रजीतून, आणि आपण निमूट त्या वाटेनं जातो. 'आय लाइक' वाचून मी दोन आठवडे 'यो गुस्तो, यो गुस्तो' लिहीत होते. सगळं चूक. बरोबर आहे 'मे गुस्ता एल लिब्रो'. म्हणजे काय? मला पुस्तक आवडतं. पुस्तकं अनेक झाली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं, माझ्या नाही. हे आपण जन्मापासून करतो, कन्नडमध्ये 'ननगे इष्ट' म्हणतानाही 'मला'च येतं. इंग्रजीतून गेलो की घरचं सोडून गावभर हिंडावं लागतं.

दुसरं बघा. 'बेओ ला कासा', मी घर बघते. 'बेओ आ मी माद्रे', मी आईला बघते. माणूस आला की मध्ये 'आ' येतो. इंग्रजी बोलणारी मुलं तो 'आ' सारखी विसरतात. आपल्याला 'आईला'मधला 'ला' विसरायला सांगितलं तरी जमणार नाही.

दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासात भूतकाळ दोन येतात आणि तिथे बरीच मुलं गळतात. 'फुई' म्हणजे गेलो. 'इबा' म्हणजे जायचो. आजोबा म्हणतात ना, "आम्ही पायी जायचो, एकदा मात्र बैलगाडीनं गेलो"? झालं, दोन्ही भूतकाळ आले. (त्यात 'फुई'चा अर्थ 'मी होतो' असाही आहे. त्याला इलाज नाही, पाठ करा.)

'एस्तोय कोमिएन्दो' म्हणजे? पुस्तकी मराठीत 'मी जेवत आहे'. आपण म्हणतो, 'जेवायलोय'. तेच लिहा वहीत, लाजू नका. मी घरी 'मी येतो' म्हणते, इथल्या पुष्कळ मुली म्हणतात, आणि पुण्यात गेलं की लोक हसतात. स्पॅनिशमध्ये 'आब्लो', मी बोलतो किंवा बोलते, बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापद सांगतच नाही. तिथे मला कुणी हसलं नाही. दमल्यावर मात्र मुलीला 'कान्सादा' म्हणावं लागतं, मुलाला 'कान्सादो'.

पुस्तकात 'तू' म्हणजे 'तू'च आहे, आपल्यासारखंच, पण आमच्या बाई 'बोस' म्हणायच्या आणि 'यो'ला 'शो'. मी घाबरले, आपलं चुकतंय वाटलं. मग लक्षात आलं, बेळगावची मराठी ऐकून नाशिकचा माणूसही असाच गोंधळत असेल.

परीक्षा द्यायची असेल तर इन्स्तितूतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची 'देले' आहे, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे. पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत, आणि प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. शाळकरी मुलांसाठी वेगळी परीक्षाही असते.

मराठी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगते. 'सेर' आणि 'एस्तार', दोन्ही 'असणे'. चहा गरम आहे, बहीण उंच आहे, दोन्हीकडे आपलं एकच 'आहे'. स्पॅनिशमध्ये चहाला 'एस्ता', बहिणीला 'एस'. मी वहीत तीन रकाने पाडले होते: मराठी, कन्नड, स्पॅनिश. त्या पानावर मराठीच्या रकान्यात नुसतं 'आहे, आहे, आहे' आहे. वही टेबलावर ठेवली आहे, जाताना बघून घ्या.